हेंडनचे हॅलिफॅक्स विमान दुरुस्त का केले नाही?

प्रश्न : दूरदेशी
मुलीकडे लंडनला आलो असता गेल्या आठवड्यात हेंडनचे रॉयल एअर फोर्स म्युझियम पाहिले. तुकतुकीत रंगवलेल्या विमानांच्या गर्दीत दुसऱ्या महायुद्धातले एक हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमान फाटक्या पत्र्यांनिशी जसेच्या तसे पडून आहे. नॉर्वेतल्या तळ्यातून एवढ्या खटपटीने बाहेर काढलेले हे विमान पुढे दुरुस्त का केले नसावे? आणि परदेशातले असे अवशेष उचलून आणण्याचा हक्क कोणाचा?

उत्तर : जुना फिटर
माझी उभी हयात विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एप्रिल 1942 मध्ये जर्मनांच्या ‘टिरपिट्झ’ युद्धनौकेवर हल्ला करताना हे विमान तोफांच्या माऱ्यात सापडले आणि वैमानिकाने ते होक्लिंगन या गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरवले. सहाही जण वाचले. पाच जण चालत स्वीडनला पोहोचले आणि घोटा मोडलेला सहावा जर्मनांच्या हाती लागला. पुढे बर्फ वितळला, विमान तळाशी गेले आणि 1973 साली वर आले.

गोड्या, थंड पाण्यामुळे ते इतके तरी टिकले. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड अॅल्युमिनियमच्या पत्र्यात खोलवर मुरते आणि पत्रा वर आणून वाळवला तरी आतून कुरतडत राहते. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातून 2013 मध्ये काढलेल्या जर्मन डॉर्नियर विमानावर म्हणूनच पुढे दीर्घकाळ सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारावे लागले. हॅलिफॅक्स नव्यासारखे करायचे म्हटले असते, तर बहुतेक पत्रा बदलावा लागला असता. मग त्या रात्री तळ्यावर उतरलेले विमान उरले किती, हा प्रश्न येतोच. त्यामुळे मला तरी हा निर्णय पटतो.

उत्तर : कागदोपत्री
हक्काबाबत एकच नियम नाही. जुने विमान ज्या देशाच्या सैन्याचे, त्याची मालकी आणि ते ज्या भूमीवर पडले, तिथला कायदा, असे दोन्ही दावे उभे राहतात. पापुआ न्यू गिनीच्या दलदलीत फेब्रुवारी 1942 मध्ये उतरलेले अमेरिकी बी-17 विमान 2006 साली सुटे करून हेलिकॉप्टरने बाहेर काढले खरे, पण तिथे वाद पेटल्यामुळे ते लाए बंदरात 2010 पर्यंत अडकून पडले. आता ते पर्ल हार्बरला आहे. इजिप्तच्या वाळवंटात 2012 मध्ये सापडलेले ब्रिटिश हवाई दलाचे किटीहॉक लढाऊ विमान मात्र ब्रिटनला गेले नाही. ते एल अलामेनच्या संग्रहालयात ठेवले आणि नंतर चक्क नव्याने रंगवले. वाळूने सत्तर वर्षे घासलेला पत्रा त्या रंगाखाली गेला, याची मला आजही चुटपुट लागते.

दूरदेशी
दोघांचेही आभार. फाटलेल्या पत्र्याच्या कडेला पांढरट भुकटी दिसली होती. ती मी धूळ समजलो.

जुना फिटर
धूळ नसावी. लोखंडासारखा तांबडा गंज अॅल्युमिनियमला चढत नाही. त्याचा गंज असाच पांढरा असतो.