समोरासमोरच्या भिंती सारख्या, तरीही खोली गुण्यात का नाही?

प्रश्न
नव्या घरातल्या एका खोलीच्या भिंती मी स्वतः टेपने मोजल्या होत्या. समोरासमोरच्या दोन बरोबर 12 फूट आणि दोन बरोबर 9 फूट भरल्या, म्हणून खोली आयताकृती आहे असे मी धरून चालले. फरशी मात्र 12 फुटी भिंतीला काटकोनात लावत नेली, तेव्हा 9 फुटी भिंतीजवळ पाचरीसारखी पट्टी कापावी लागली, जी एका टोकाला दुसऱ्यापेक्षा अडीच इंच रुंद आहे. सहावीतला मुलगा विचारतो, "समोरच्या बाजू समान असल्या की आयतच ना?" त्याला काय सांगू? दुसऱ्या खोलीचे काम अजून व्हायचे आहे.

उत्तर 1
समोरासमोरच्या बाजू समान असल्या की समांतरभुज चौकोन होतो. तो आयत ठरण्यासाठी निदान एक कोन काटकोन असावा लागतो. खराट्याच्या दोन 12 सेंटिमीटरच्या आणि दोन 9 सेंटिमीटरच्या काड्या टोकांना दोऱ्याने सैलसर बांधून मुलाच्या हातात द्या. चौकट बाजूला ढकलली, की काड्यांची लांबी तीच राहते, पण समोरासमोरचे दोन कोन 90 अंशांहून मोठे होऊन विशालकोन बनतात आणि उरलेले दोन तितकेच आवळून लघुकोन होतात, कारण लगतच्या दोन कोनांची बेरीज 180 अंशच राहते. आता कर्णावर पाचवी काडी बांधा. दोन त्रिकोण तयार होऊन चौकट जागीच घट्ट होईल. म्हणून खोलीचेही कर्ण मोजा. आयतात दोन लगतच्या बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी असते: 9 चा वर्ग 81 अधिक 12 चा वर्ग 144 म्हणजे 225, आणि तो 15 चा वर्ग आहे, तेव्हा प्रत्येक कर्ण 15 फूट भरायला हवा.

प्रश्नकर्ती
आज मोजले. एक कर्ण 15 फूट 2 इंच आहे आणि दुसरा 14 फूट 10 इंच.

उत्तर 2
मग हिशेब चोख जुळतो. या मापांवरून विशालकोन सुमारे 91.3 अंशांचा आणि लघुकोन सुमारे 88.7 अंशांचा येतो, आणि एवढासा फरक 9 फुटांत अडीच इंचांवर जातो. कोपऱ्यात लावलेल्या फूटभर गुण्याच्या टोकाशी तोच फरक जेमतेम पाव इंच दिसतो, जो गिलाव्याच्या उंचसखलपणात सहज लपतो. दुसऱ्या खोलीत कोपऱ्यापासून एका भिंतीवर 6 फूट आणि दुसरीवर 8 फूट अशा खुणा करा आणि त्यांच्यातले अंतर 10 फूट भरते का ते पाहा. जास्त भरले तर तो कोन विशाल, कमी भरले तर लघु. आयताच्या कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरीच. वेदी आखण्याची ती विद्या गवंड्याच्या हातात अजून आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

उत्तर 3
एक दुरुस्ती आवश्यक वाटते. दोन्ही कर्ण समान भरले एवढ्यावरच खोली गुण्यात आहे असे मानू नका, कारण तिरप्या बाजू समान असलेल्या समलंब चौकोनाचे कर्णही समान असतात. समोरासमोरच्या भिंती आणि कर्ण, दोन्ही जुळले तरच तो आयत. कोनच तपासायचे असतील तर तीन पुरतात, कारण चारही कोनांची बेरीज 360 अंश असल्याने चौथा आपोआप काटकोन येतो.