मदत हवी आहे: घोड्यांचं वेड आहे, त्यातून पोट भरेल असं काम कसं उभं करावं? (चौल-रेवदंडा)

पोफळीची_सावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

इतके दिवस वाचनमात्र होते. आज मदत मागायला लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी चौल-रेवदंड्याच्या बाजूची, वय २४, बी.कॉम. घरची नारळ-पोफळीची वाडी. २०२० च्या निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा बाबांनी मागच्या आवारात पर्यटकांसाठी तीन खोल्या काढल्या. बुकिंग, हिशेब आणि नाश्ता मी आणि आई बघतो. मांडव्याची रो-रो सुरू झाल्यापासून शनिवार-रविवार दम खायला फुरसत नसते. सोमवार ते गुरुवार मात्र माशा मारायच्या.

त्या रिकाम्या दिवसांत मी शेजारच्या काकांच्या तबेल्यात असते. त्यांच्याकडे दोन घोडे आणि एक घोडी. घोडे किनाऱ्यावर फेऱ्या मारतात, घोडी लग्नसराईत वरातीला जाते. लहानपणी मी नुसती बघत बसायचे. आता खरारा करणं, चंदी (घोड्याचा दाणा) भिजवणं, ठाण झाडणं काका माझ्यावर सोपवून निर्धास्त असतात. बसायलाही त्यांनीच शिकवलं, आधी खोगिराशिवाय, नुसत्या घोंगडीवर. संध्याकाळी घोडे परतले की ते चारही खूर उचलून आकड्याने वाळू काढतात आणि मग खुराला चक्क नाक लावतात. तळाशी जी मऊ त्रिकोणी गादी असते, तिच्या कडेच्या खाचेत काळपट ओल आणि कुजका वास आला, की दुसऱ्या दिवशी तो घोडा किनाऱ्यावर जात नाही. मग गिऱ्हाईक कितीही असो. तो वास आता मलाही ओळखता येतो.

दुसरं वेड चित्रांचं. हिशेबाच्या वह्यांची मागची पानं घोड्यांनी भरलेली असतात. मध्ये एका पाहुण्यांनी खोलीतलं चित्र विकत मागितलं. किती सांगावं मला कळेना, तर आईने "अहो, न्या की तसंच" म्हणून विषय मिटवला!

आता प्रश्न. आईचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे, घोड्यांचं वेड फावल्या वेळेत कर. काका थकलेत. त्यांचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे, त्याला यात रस नाही. काका म्हणतात, "घोडी तू घे, पैशांचं मागाहून बघू." माझ्याकडे थोडी शिल्लक आहे. घ्यावी का? किनाऱ्यावरच्या फेऱ्या सोडून घोड्यांच्या आसपास आणखी कोणती कामं असतात? बारावी कॉमर्सने केली, त्यामुळे गुरांची डॉक्टर होणं नाही. आणि चित्रांचं काय करू? दोन्ही एकत्र येईल असं काही आहे का, की मी उगाच दोन दगडांवर पाय ठेवतेय?

देवबागचो

गो बाय, घोडी घेवची घाई करू नको. पावसात तिका खाऊक काय घालूचा, ता आधी ठरव.

खोगीरभरती

देवबागकरांनी दोन ओळींत मुद्द्याचं सांगितलंय, मी त्यात फक्त आकडे भरतो. पुण्याजवळ एका रायडिंग स्कूलमध्ये आहे, त्याआधी रेसच्या तबेल्यात होतो.

घोडी ३००-३५० किलोची धर. वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा रोज लागतो, म्हणजे सहा-सात किलो. चंदी वेगळी, पाणी २५-३० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जून ते सप्टेंबरसाठी पाऊण टनाच्या आसपास सुकं गवत मे संपायच्या आत घरात पडलेलं हवं, आणि ते कोकणच्या पावसात बुरशी न धरता टिकलं पाहिजे. घोड्याला उलटी होत नाही. पोटात वाईट गेलं की ते पुढेच सरकणार, आणि पोटशूळ उठला तर जनावर रात्रीत हातचं जाऊ शकतं. भाताचा पेंढा तुमच्याकडे मुबलक, पण नुसत्या पेंढ्यावर घोडा अंग धरत नाही. शिवाय दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल ठोकायला नालबंद लागतो. तुमच्या भागात तो कुठून येतो, हे काकांना विचार.

आता उत्पन्नाची बाजू. किनारा आणि वरात, दोन्हींचा हंगाम एकच. मे महिन्यात घोडी दोन्हीकडे हवी असते आणि जुलैत कुठेच नको असते. खरी गोम इथे आहे. लोक घोड्याची किंमत विचारतात, जुलैची कोणी विचारत नाही.

म्हणून सध्या विकत घेऊ नकोस. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. तू काही काळ बारगीर राहा. काकांशी लेखी ठरव: घोडी त्यांची, राबणं तुझं, उत्पन्नात ठरलेला वाटा. काकांनाही हे सोयीचं पडेल, कारण घोडी दावणीतच राहील.

पाऊस तुझ्या फायद्याचाही आहे, तो असा. तुमच्या खोल्या आणि किनारा बंद, तेव्हा पुण्यात रेसचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर चालू असतो (मुंबईत महालक्ष्मीला तो हिवाळ्यात असतो). मैदानं चिखलाने भरली तरी तबेल्यातलं काम थांबत नाही, आणि चांगल्या मोतद्दारांची (घोडे सांभाळणाऱ्यांची) चणचण सगळीकडे आहे. रायडिंग स्कूल, स्टड फार्म किंवा रेसच्या तबेल्यात पावसाळाभर राबलीस तर दोन-तीन वर्षांत हातात असं काही येईल जे तुमच्या तालुक्यात फारसं कुणाकडे नसेल. पगार सुरुवातीला बेताचा, पहाटे चारला उठावं लागतं आणि पहिले काही आठवडे लीदच उचलावी लागते. पण खुराचा वास ओळखणारी मुलगी आली तर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामाला लागेल. खोगीर-लगामाची शिलाई जमत असेल तर तेही शिकून घे. फाटलेला तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) शिवून द्यायला कोणी नसतं म्हणून लोक सुतळी बांधून चालवतात आणि मग घोड्याच्या पोटाला जखमा होतात.

गुरांचा_दवाखाना

पशुवैद्यक पदवीला बारावीला जीवशास्त्र आणि मग 'नीट' परीक्षा लागते, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं जातात, तेव्हा तो रस्ता सोडून दिलात ते ठीक. पण निम्म्या वेळा आम्हाला जे हवं असतं ते मालकाकडे नसतं: नोंदी. प्रत्येक जनावराची वही करा. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. स्वस्थ असताना तुमच्या घोडीचे आकडे काय असतात ते लिहून ठेवलंत, तर बिघडली हे फोनवर सांगता येईल.

जनावर कुणाकडूनही घेताना ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय व्यवहार करू नका. हा रोग माणसालाही होतो आणि आढळला की सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. धनुर्वाताची लस चुकवू नका. पावसात चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रोग होतो, त्यामुळे गोठ्याभोवती पाणी साचू देऊ नका. किनाऱ्यावर ओल्या घट्ट वाळूतूनच चालवा, कोरड्या भुसभुशीत वाळूत स्नायुबंधांवर ताण येतो. घरी आल्यावर खारं पाणी गोड्या पाण्याने धुवून काढा, विशेषतः तंगाखालचं.

मुक्या_जनावरांसाठी

थोडा कडू प्रतिसाद, आधीच माफी. पर्यटकांना घोड्यावर बसवून कमावणं म्हणजे प्रेम का? मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या त्या उगाच नाही. ९० किलोचा माणूस मरतुकड्या तट्टावर बसून सेल्फी काढतो, ते मी स्वतः पाहिलंय.

पोफळीची_सावली

@मुक्या_जनावरांसाठी, माफी कशाला, हेच माझ्याही मनात घोळतंय. काका जड माणसाला सरळ नाही म्हणतात. तो माणूस मग पुढच्या घोडेवाल्याकडे जातो आणि तिथे त्याला बसवतात. वजनाचा काही धरबंध आहे का?

@खोगीरभरती, जुलैचं गणित वाचून पोटात गोळा आला. बारगीर व्हायचं मात्र पटलं.

गुरांचा_दवाखाना

साधारण नियम असा की खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावं. ३०० किलोच्या घोड्याला ६० किलो, बस्स. पाटीवर लिहून लावा, म्हणजे वाद काकांशी न होता पाटीशी होईल. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियमही आहेत. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही.

रेषा_ओढते

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे फक्त चित्रांबद्दल बोलते.

तुझ्याकडे जे आहे ते आमच्यापैकी बहुतेकांकडे नाही: रोज समोर उभा असलेला घोडा. आम्ही नेटवरचे फोटो बघून काढतो आणि मागच्या पायाचा तो 'उलटा गुडघा' चुकवतो. तो गुडघा नसतोच, ती टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो, आणि घोडा एकाच बोटाच्या नखावर उभा असतो. खूर साफ करणाऱ्या हाताला हे आपोआप कळतं. धावत्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पुढे-मागे फाकलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये ओळीने कॅमेरे लावून हे दाखवलं. तोवर मोठमोठे चित्रकार फाकलेले पायच काढत होते. तुझ्या फोनच्या स्लो मोशनमध्ये काकांचा घोडा चौखूर धावताना घे आणि एकेक चौकट थांबवून काढ.

विकायचं म्हणशील तर 'घोड्याचं चित्र' फारसं कोणी घेत नाही, 'माझ्या घोड्याचं चित्र' घेतात. मालक आधी चेहरा बघत नाही. कपाळावरचा टिळा, कुठले पाय किती पांढरे आणि केसांचे भोवरे जागच्या जागी आहेत का, हे बघतो. भोवरा बोटभर सरकला तर तो त्याचा घोडा राहिला नाही! दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे वही घेऊन जा. जागेवर रेखाटून दे, घरून रंगवून पाठव.

कोकणातच बघण्यासारखंही बरंच आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांत) कल्कीचा घोडा बघ, पैशाएवढ्या जागेत अख्खं जनावर बसवलेलं असतं. पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) बघ. त्यांची नक्कल करू नकोस, पण इतक्या कमी रेषांत घोडा कसा उभा राहतो ते समजून घे.

आणि कृपा करून प्रत्येक चित्राखाली किमतीची चिठ्ठी लाव. आईंना फुकट द्यायला वावच ठेवू नकोस.

बखरवाचक

अवांतर वाटेल, पण नाही. तुमच्या गावाची घोड्याशी ओळख जुनी आहे. चौल आणि दाभोळ ही आखाती घोडे उतरवून घेणारी बंदरं. दख्खनच्या फौजांना घोडे समुद्रातून येत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून चौलला उतरला तो एक घोडा विकायला घेऊनच. जुन्नरला तिथल्या सुभेदाराने घोडा काढून घेतला, मग एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने परत मिळाला, आणि शेवटी तो बीदरला विकला. मजा म्हणजे जुन्नरच्या पावसाळ्याबद्दल त्याने लिहून ठेवलंय की चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, आणि घोड्याला पोसायचा खर्चही त्याच्या मानगुटीवर होताच. इथल्या घोड्यांना हरभरा आणि खिचडी घालतात, हेही नोंदवलंय. खोगीरभरती यांचं गणित साडेपाचशे वर्षांपूर्वी एकाने भोगलेलं आहे!

रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. निकितिनच्या घोड्याची गोष्ट चित्रांत करा. चौल बंदरावर उतरणारा घोडा तुमच्याइतक्या जवळून दुसरं कोण काढणार?

रेषा_ओढते

@बखरवाचक, कमाल! पोफळी, गोष्ट घोड्याच्या तोंडून नको, काकांसारख्या मोतद्दाराच्या नजरेतून कर. आणि तुमच्या त्या सोमवार-गुरुवारच्या रिकाम्या खोल्यांचं एक सुचतंय. 'तबेल्यातली सकाळ' म्हणून पाहुण्यांना दोन तास द्यायचे: खरारा, चंदी, खूर बघणं आणि शेवटी समोर बसून घोडा काढणं. बसायचं नाही. वजनाचा प्रश्न मिटला, घोड्याला त्रास नाही, आणि पैसे शिकवण्याचे.

मुक्या_जनावरांसाठी

याला मात्र माझं अनुमोदन. सुरू झालं की मुलांना घेऊन येईन.

खोगीरभरती

कल्पना चांगली. पण अनोळखी माणूस घोड्याच्या मागे जाणार नाही, एका वेळी एकाच जनावराजवळ एकच गट, बंद बूट, लहान मुलांचा हात पालकांच्या हातात, आणि लेखी संमती. लाथ बसली तर हाड मोडतं. त्या दोन तासांसाठी शांत जनावर निवड. वरातीची घोडी गोंगाटाला सरावलेली असते, ती बहुतेक चालेल.

पोफळीची_सावली

मंडळी, काल रात्री हा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. 'किमतीची चिठ्ठी' आली तेव्हा ती उठून भांडी घासायला गेली. पण सकाळी तिनेच चिठ्ठ्या कापून ठेवल्या होत्या.

तूर्त ठरलंय ते असं: घोडी घेत नाही, काकांशी वाट्याचा कागद करते. दिवाळीनंतर मधल्या वारी 'तबेल्यातली सकाळ', आधी ओळखीच्या पाहुण्यांवर. ओहोटीच्या वेळा कॅलेंडरवर मांडतेय (तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हे आजोबांचं गणित अजून चुकलेलं नाही), म्हणजे ओल्या वाळूवर घोडीची चालही दाखवता येईल. पुढच्या जूनसाठी @खोगीरभरती, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. बँकेच्या परीक्षेचा फॉर्मही भरलाय. आईशी तह.

एकच अडलंय. काका म्हणतात, यंदा गवत ठेवायला त्यांचा माळा पुरणार नाही, तो गळतो. आमच्या वाडीत ओल फार. पाऊण टन गवत ठेवायचं कुठे?

देवबागचो

जमनीवर ठेव नको, खाली फळ्ये घाल, भितीपासून हातभर सोडून रच, वारो लागाक होयो.

पोफळीची_सावली

तशी कोरडी जागा एकच, तीन नंबरची खोली. बाबा देणार नाहीत.

देवबागचो

बाबांका सांग, पावसात ती खोली तशीय रिकामीच रवता.