मिठाच्या कराबद्दल थोडी भर
वर म्हटलं आहे की क्रांतीपूर्व फ्रान्समध्ये सरदार आणि पाद्री कर देत नसत, सगळा भार तिसऱ्या वर्गावर, म्हणजे उरलेल्या सामान्य जनतेवर. ढोबळमानाने ठीक, पण १७४९ चा व्हँतिएम (उत्पन्नाच्या विसाव्या भागाचा) कर सरदारांनाही लागू होता. पाद्रीवर्गाने मात्र स्वेच्छादानाच्या नावाखाली ठोक रक्कम देऊन त्यातून सुटका करून घेतली.

खरी विषमता बघायची तर गाबेल, म्हणजे मिठाचा कर बघा. पॅरिसभोवतालच्या 'मोठ्या गाबेल'च्या, म्हणजे हा कर सर्वांत जड असलेल्या प्रांतांत मीठ सरकारी कोठारातूनच घ्यावं लागे, आणि तेही सक्तीने: आठ वर्षांवरच्या १४ माणसांमागे वर्षाला १ मिनो, म्हणजे सुमारे ४९ किलो. हे मीठ फक्त स्वयंपाकाला आणि ताटात वाढायला. त्यातलंच डुकराचं मांस खारवायला वापरलं तर गुन्हा. त्यासाठी वेगळं विकत घ्यायचं! गरिबाचं हिवाळ्याचं अन्न तेच, म्हणून ही अट फार जाचक होती. उलट अनेक अधिकारी आणि मठांना 'फ्राँ-साले' सवलतीत मीठ फुकट किंवा अगदी स्वस्त मिळे.

त्यात वायव्य फ्रान्समधला ब्रिटनी प्रांत या करातून मुक्त. सीमेपलीकडे तेच मीठ वीसपटीहून महाग. मग चोरटी वाहतूक होणारच. बायका-मुलं मीठ वाहत, शिकवलेल्या कुत्र्यांच्या अंगावर पिशव्या बांधत. हत्यारासह सापडलेल्या पुरुषाला गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा. गाबेल १७९० मध्ये रद्द झाला. थोडक्यात, कराचा भार कोणावर हे बघताना वर्गाइतकाच प्रांतही चर्चेत धरायला हवा.