पंच आऊट (म्हणजे ड्युटी संपल्याची नोंद) झाल्यावरचं फुकट काम
बरेच जण म्हणतात की कामगारांना फुकट राबवलं तरी बड्या दुकानांचं कोर्टात काही वाकडं होत नाही. अगदीच तसं नाहीये हो. अमेरिकेतल्या वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीचंच घ्या, 2000 साली त्यांच्याच इंटर्नल ऑडिटमधे 128 स्टोअर्समधे एका आठवड्यात 60,767 ब्रेक आणि 15,705 जेवणाच्या सुट्ट्या बुडालेल्या निघाल्या, तर कंपनी म्हणे ऑडिटच चुकीचं (घ्या!). ब्रेक बुडवल्याच्या आणि फुकट राबवल्याच्या खटल्यात तिथल्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात 2006 मधे ज्युरीने कामगारांच्या बाजूने निकाल दिला, पुढे भरपाईची रक्कम 15 कोटी डॉलर्सच्या वर गेली, पण वॉलमार्टवाले अपिलावर अपील करत राहिले ते थेट 2016 पर्यंत, तेव्हा कुठे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांचं अपील ऐकायलाच नकार दिला. तोवर किती जण नोकरी सोडून गेले असतील! म्हणून तिकडे पार्ट टाइम करणाऱ्या पोरांनी इन-आऊटच्या वेळा मोबाईलमधे टिपून ठेवा, मॅनेजरच्या भरवशावर राहू नका.