पावसाळ्यात नृसिंहवाडी: वयस्कर आईला दक्षिणद्वार स्नानाला न्यावे का?

प्रश्न
नमस्कार. आम्ही कोल्हापुरातच राहतो. आईचे वय ७५ असून गुडघेदुखीमुळे तिला पायऱ्या उतरणे जड जाते. तरीही यंदा श्रावणात वाडीला दक्षिणद्वाराचे स्नान घडावे, अशी तिची फार इच्छा आहे. पूर असताना दर्शन कसे मिळते आणि या वयात स्नानाचा आग्रह धरावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
दक्षिणद्वाराला तिथी नसते. कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढत चढत उत्तर द्वारातून मंदिरात शिरते, दत्तावतार श्रीनृसिंह सरस्वतींच्या मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिण द्वारातून बाहेर पडते. त्या प्रवाहात भाविक स्नान करतात. हा योग मध्यरात्रीही येतो. पाणी आणखी वाढले की द्वारच बुडते आणि स्नान थांबते, मात्र पूर ओसरताना उतरत्या दक्षिणद्वाराचा लाभ पुन्हा मिळू शकतो. पादुका पाण्याखाली असताना उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. आईंना दर्शन तेथे घडेल.

उत्तर २
आईंना प्रवाहात उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुराचा गाळ पायऱ्यांवर बसला की धडधाकट माणसाचाही पाय सरकतो, शिवाय गर्दीचा रेटा असतो तो वेगळाच. घरातील कोणी तरुणाने स्नान करून तांब्याभर पाणी वर आणावे आणि ते आईंच्या मस्तकावर घालावे. श्रद्धेने घेतलेले हे तीर्थ मी कमी मानत नाही. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात श्रीनृसिंह सरस्वती स्वतः दरिद्री ब्राह्मणाच्या घरी भिक्षेला जातात आणि दारच्या घेवड्याच्या शेंगांची भाजी आवडीने जेवतात. त्या गुरूंच्या दारी थकलेल्या जिवाने देह कष्टवलाच पाहिजे, असे मला वाटत नाही.

निघण्यापूर्वी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी अवश्य पाहावी. तेथे पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशाऱ्याकडे झुकू लागले, तर वाडीला जाणारे शिरोळकडील रस्ते केव्हा बंद होतील याचा नेम नसतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. तांब्यातील तीर्थाचा पर्याय आईला पटला आहे. स्नान मी करीन, ती वरच थांबेल; आणि पादुकांच्या दर्शनासाठी पावसाळा सरल्यावर, गुरुवार व पौर्णिमेची गर्दी टाळून, तिला पुन्हा नेईन.