बेसनाचे तिखट वॉफल: तुमचा अनुभव लिहा (सोलापूरकरांनी जरूर)

कडकभाकरी:
आमच्या भिशीतल्या बऱ्याच जणींनी वॉफलचं मशीन घेतलं, मैद्याचं गोड एकदा केलं आणि मशीन माळ्यावर गेलं. माझं ओट्यावरच असतं, कारण मी त्यात बेसन घालते. दीड वाटी बेसन, अर्धी वाटी तांदळाची पिठी, पाव वाटी दही, दोन चमचे तेल, ओवा, हळद, तिखट, मीठ. पाणी बेताबेतानं; भज्याच्या पिठापेक्षा पातळ, धिरड्यापेक्षा घट्ट. अर्धा तास झाकून ठेवायचं, म्हणजे बेसन पाणी पितं. मैद्याचं पीठ जास्त फेटलं की चिवट होतं, बेसनाला ती भीती नाही. उलट हात दुखेपर्यंत फेटा, हलकं होतं. चिकटणं, कच्चट चव आणि शेंगाचटणी पिठात की वरून, या तिन्हींवर तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा.

जुळेसोलापूर:
चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा घाई. पीठ घातल्यावर कडेनं भसाभसा वाफ येते, मग ती विरळ होते आणि शेवटी जवळजवळ थांबते. तोवर झाकणाला हात लावायचा नाही. आधी उघडलं तर अर्धं वर, अर्धं खाली. नॉनस्टिकच्या भरवशावर राहू नका, खाचांमध्येही ब्रशनं तेल पोचलं पाहिजे. आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर वरून बदामी दिसतं आणि आतलं बेसन कच्चंच राहतं. कांदा घालणार असाल तर अगदी घालायच्या वेळी चिरा. मीठ लागून बसलेला कांदा पाणी सोडतो आणि सगळं लिबलिबीत.

चाटीगल्ली६५:
काय बे, धिरडंच की हे! तव्यावर दोन मिनिटांत होतंय. खाचा पाडायला वीज कशाला जाळायची?

कडकभाकरी:
दादा, धिरड्यावरून दही ओघळतं, खाचांत ते थांबतं. एकदा खाऊन बघा की.

पूर्वभाग_अक्का:
आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही आणि इन्व्हर्टरवर हे मशीन चालत नाही. मी गॅसवरचा दांड्याचा साचा वापरते. दोन्ही बाजू रिकाम्याच तापवायच्या, पीठ घालून मिटलं की लगेच उलटायचं, म्हणजे वरच्या खाचाही भरतात. चटणीचं म्हणाल तर पिठात अजिबात नको. आपली चटणी कुटून तेल सुटलेली असते, वर लसूण आणि तिखट. साच्याला लागली की लसूण करपतो, कडू होतो आणि तो कडवटपणा पुढच्या घाण्यालाही लागतो. वॉफल उतरल्यावर गरम असतानाच चटणी भुरभुरायची, वर घट्ट दही. सासूबाई आधी नाक मुरडत होत्या, आता त्याच विचारतात, ‘आज जाळीचं करणार का गं?’

हळदीचेडाग:
सोडा घालता का कुणी? आमच्या वॉफलवर लालसर ठिपके आले. घरातले म्हणाले, पिठात काहीतरी पडलंय.

जुळेसोलापूर:
सोड्यानं हळद लाल होते. सोडा चाळून घ्या, गुठळी राहिली की तिथेच ठिपका उठतो. दही असेल तर पाव चमचा पुरे.

होटगीरोड:
मुलीला सीलिअ‍ॅक आहे, गहू पूर्ण बंद. म्हणून आमच्याकडे हे वॉफल पोळी आणि ब्रेड दोन्हींच्या जागी असतं. बेसनात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं तिला न चालणारं प्रथिन, नसतं हे खरं, पण गिरणीत आपल्या आधी कुणाचे गहू दळले गेलेत ते आपल्याला कुठे माहीत? मी हरभरा डाळ उन्हात कडक वाळवते आणि घरीच मिक्सरवर दळून चाळते. पीठ जरा भरड राहतं, त्यानं उलट कुरकुरीत होतं. दुसरी गोष्ट हिंग. बाजारातल्या बऱ्याच डब्यांत हिंगाबरोबर गव्हाचं पीठ असतं, लेबल वाचल्याशिवाय आणू नका. ओव्यावर छान भागतं. मशीनही वेगळं ठेवलंय, मैद्याचं त्यात कधीच नाही. थोडं ज्वारीचं पीठ घातलं तर पोटभरीचं होतं. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर विचारूच नका. फक्त ज्वारी पाव भागापेक्षा जास्त झाली की वॉफल उचलताना मोडतं. डब्यासाठी करताना आधी जाळीवर गार करा. ताटात ठेवलं की खालून घाम येतो आणि दहा मिनिटांत मऊ पडतं.

नीसवालीची_आई:
लेक फ्रान्समध्ये नीसला शिकते. तिकडे बेसनाचं सोक्का मिळतं म्हणे. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढंच. मोठ्या पसरट परातीत घालून भट्टीत भाजतात आणि वरून मिरपूड. ना सोडा, ना दही. मी तेच पीठ तीन-चार तास ठेवून वॉफलच्या मशीनमध्ये घातलं. फुगलं नाही, पण कडा पापडासारख्या मोडतात. आमच्या ह्यांना तेच जास्त आवडलं, चहाबरोबर.

चाटीगल्ली६५:
बहिणीकडे खाल्लं. दह्याचं पटलं. पण कोथिंबीर कमी होती बे.

कडकभाकरी:
😀 दादा, कोथिंबीर तुम्ही आणा. आणि आता ऊन वाढलंय म्हणून सगळ्यांनाच सांगते: दही घातलेलं पीठ ओट्यावर ठेवून बाहेर जाऊ नका, मे महिन्यात दुपारपर्यंत आंबट ढाण होतं. फ्रिजमध्ये ठेवा आणि करायच्या आधी थोडं पाणी घालून परत फेटा. बेसनाचा डबाही फ्रिजमध्येच, नाहीतर किडे.