फ्लॅट विकून कायमचं मोटरहोममध्ये राहायला जायचं? माझा सपशेल विरोध

सिंहगडरोडकर
काल एका गृहस्थांची पोस्ट वाचली. म्हणे निवृत्तीनंतर फ्लॅट म्हणजे पायातली बेडी. तो विकावा, टेम्पो ट्रॅव्हलरचं मोटरहोम बांधून घ्यावं आणि उरलेलं आयुष्य रोज नव्या गावात काढावं. खाली सगळे 'वा वा' करतायत, म्हणून लिहितोय.

चार महिने फिरा, सहा फिरा. पण घर विकून? आधार, मतदारयादी, केवायसी, आरोग्यविमा सगळ्याला पत्ता लागतो. ज्या गाडीत राहणार तिच्या नोंदणीलाही लागतो. वर परराज्यात ती बारा महिन्यांहून जास्त राहिली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्या. विजेचं तर कुणी बोलतच नाही. १२ व्होल्ट, २०० एएचची बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. दीड टनाचा एसी तासाला दीडेक युनिट खातो. मे महिन्यात अकोल्यात एक रात्र काढून दाखवा.

माझ्या मामा-मामींनी हेच केलं. कोथरूडचा फ्लॅट विकला. हिमाचलात मामांचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने घरी आराम. घरी म्हणजे कुठे? शेवटी मुलीच्या वन बीएचकेमध्ये हॉलमधल्या दिवाणावर. विकलेल्या पैशात आज कोथरूडला त्याच्या निम्मी जागा येत नाही.

चाकावरची_सुमन
मामांचं वाईट वाटलं. पण खुब्याचं हाड कोथरूडच्या बाथरूममध्येही मोडतं, त्याचं खापर गाडीवर नको.

आम्ही दोघं गाडीतच राहतो. मे महिन्यात अकोल्यात कशाला थांबू? तेव्हा आम्ही कुमाऊंत असतो आणि थंडीत कोकणात. एसी बसवलेलाच नाही. आणि एक गोष्ट तुम्हा पुरुषांना कळणार नाही. मला मधुमेह आहे. उभा जन्म प्रवासात पाणी न पिता काढला, कारण एसटी स्टँडवरचा संडास बघून पोटात गोळा यायचा. आज माझं स्वतःचं, स्वच्छ, आतून कडी लागणारं टॉयलेट माझ्याबरोबर असतं. ह्या एका गोष्टीसाठी मी पोस्टवाल्या गृहस्थांच्या बाजूने आहे.

सिंहगडरोडकर
आणि त्या टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करता, ताई? गावच्या ओढ्यात?

चाकावरची_सुमन
तोंड सांभाळून बोला. वीस लिटरची कॅसेट, म्हणजे सुटी निघणारी टाकी असते, हाताने उचलून नेता येते. पेट्रोल पंपावर विचारून, पैसे देऊन, कमोडमध्ये ओततो आणि नंतर तो धुऊन देतो. ओढ्यात एकदाही नाही.

फिनिक्सकर
इथे ॲरिझोनात ही चर्चा हास्यास्पद वाटेल. क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात मोटरहोमांचं शहर वसतं. सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट राहा, मग जागा बदला. पत्ता हवा तर साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून लायसन्स काढणारे कितीतरी आहेत. मनात असलं की वाट निघते.

सिंहगडरोडकर
मनाचा काय संबंध? तिकडे टाकी रिकामी करायला डम्प स्टेशनं आहेत, इकडे ताईंना पंपवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच गाड्यांचं धोरण आणलं, पण ते चार दिवसांच्या पर्यटकासाठी. कायम राहणाऱ्याचा त्यात विचार कुठे आहे?

माळरान
धोरणाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी कैकाडी समाजाचा. माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड राहिले, हजेरी देत. गुन्हा एकच, फिरस्त्या जमातीत जन्म. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला तेव्हा कुंपण सुटलं. आजही आमच्यातला माणूस जातीचा दाखला काढायला गेला की २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या रहिवासाचा पुरावा मागतात. जो पालात जन्मला, गाढवावर बिऱ्हाड लादून फिरला, त्याने कुठली घरपट्टी दाखवायची? घर सोडून फिरणं तुम्हाला आज सुचलं म्हणून त्याचं धोरण झालं.

बाणेर_टॉवर
विषय मोटरहोमचा आहे. प्रत्येक धाग्यात आरक्षण आणलंच पाहिजे का?

माळरान
आरक्षण हा शब्द मी वापरलेला नाही, वर जाऊन वाचा. मी पत्त्याबद्दल बोलतोय आणि हा धागा पहिल्या ओळीपासून पत्त्याबद्दलच आहे. पत्ता नसला की काय होतं हे कुणाला माहीत असेल तर ते आम्हाला.

बाणेर_टॉवर
ब्रिटिशांनी केलं त्याचा हिशोब आमच्याकडे कशाला? मेहनतीच्या पैशाने गाडी घ्यायची आणि वर अपराधी वाटून घ्यायचं?

चाकावरची_सुमन
बाणेर, थांबा. हे ब्रिटिशांचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. सोलापूर जिल्ह्यात एका गायरानात मुक्काम होता. पलीकडे पाच-सहा पालं. रात्री पोलिसांची गाडी आली. आम्हाला म्हणाले, "काका, दार आतून नीट लावून घ्या." आणि त्या माणसांना लेकराबाळांसकट तिथून उठवलं. जमीन एकच, रात्र एकच. आम्ही दोघं खिडकीतून बघत राहिलो. माळरान, तुमच्याशी वाद घालायला माझ्याकडे तोंड नाही.

बाणेर_टॉवर
एका प्रसंगावरून अख्ख्या खात्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्या रात्री झालं ते चूकच.

माळरान
ताई, खिडकी उघडून नुसतं "आम्हीपण इथेच आहोत" म्हणाला असतात तरी फरक पडला असता. पोलीस तुमच्यासारख्यांचं ऐकतात.

सिंहगडरोडकर
माळरान यांचं म्हणणं माझ्या मूळ मुद्द्याहून मोठं आहे, मान्य. पण म्हणूनच विचारतो. ताई, तुमच्या आधारवर पत्ता कुठला?

चाकावरची_सुमन
सांगलीच्या फ्लॅटचा. विकलेला नाही, भाड्याने दिलाय. त्या भाड्यातून डिझेल निघतं.

सिंहगडरोडकर
मग इतका वेळ भांडताय कशासाठी? माझं म्हणणं तेच होतं!

चाकावरची_सुमन
तेच नव्हतं. तुम्ही सहा महिन्यांवर थांबलात, आम्ही बाराही महिने गाडीत असतो. विकू नका, एवढंच तुमचं खरं. त्या पोस्टखाली तसं लिहीन.

सिंहगडरोडकर
लिहा. पण पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, वैद्यकीय दाखल्यासकट. सत्तरीत काकांची नजर अधू झाली की गाडी कोण चालवणार?

चाकावरची_सुमन
काका आजही चालवत नाहीत. पहिल्यापासून मीच चालवते.